वेरावलीच्या रडारमुळे मुंबईतील विमानांचा विलंब किती घटला, हे मोजायचे कसे?

संख्यावेध (पुणे)

नमस्कार. मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो आणि प्रकल्पासाठी मी मुंबई विमानतळ निवडला आहे. कुलाब्याचे एस-बँड (लांब लहरींचे) डॉप्लर रडार, म्हणजे पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही टिपणारे रडार, मुंबईत आधीपासून होते; जानेवारी २०२२ मध्ये भारतीय हवामान विभागाचे सी-बँड (त्याहून आखूड लहरींचे) रडार वेरावली येथे सुरू झाले आणि ते विमानतळापासून फार लांब नाही. अशा यंत्रणांमुळे विमानांचा विलंब कमी होतो हे विधान सगळीकडे वाचायला मिळते, पण तो किती कमी होतो आणि तो आकडा कोणत्या वाटेने काढला, हे सांगणारा क्वचितच भेटतो.

माझा पहिला आराखडा सरळ होता. २०१८ व २०१९ चे पावसाळे एका बाजूला आणि २०२२ व २०२३ चे दुसऱ्या बाजूला ठेवायचे, दर महिन्याचा सरासरी विलंब काढायचा आणि फरक तपासायचा. विमानतळाची अर्ध्या-अर्ध्या तासाची हवामान निरीक्षणे म्हणजे मेटार उपलब्ध आहेत, विमानांच्या प्रत्यक्ष वेळा सार्वजनिक मागोवा-संकेतस्थळांवरून घेता येतात आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे वक्तशीरपणाचे मासिक आकडेही मिळतात. मार्गदर्शकांनी मात्र आराखडा एकाच शेऱ्यासह परत केला: "रडार नसते तर त्याच संध्याकाळी काय झाले असते, ते दाखवा." जे घडलेच नाही ते कसे दाखवायचे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याखेरीज, सकाळी उशिरा सुटलेले विमान दिवसभर उशिरा धावते, तो पुढचा विलंब हवामानाच्या खात्यात धरावा की नाही, आणि शेवटचा आकडा तासांत द्यावा की रुपयांत, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

प्रतीक्षारांग

आपल्या मार्गदर्शकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. या काळात मुंबईत रडारखेरीज इतके काही बदलले की आधी-नंतरच्या तुलनेतून वाटेल ते उत्तर काढता येईल. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात उतरणारे एक विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांचा सगळा विलंब आपल्या 'रडारपूर्व' खात्यात जमा होईल आणि रडारला फुकटचे श्रेय मिळेल. पुढची दोन वर्षे महासाथीमुळे वाहतूकच आटलेली होती. पुढे २०२४ चा पावसाळा जोडावासा वाटला, तर त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गर्दीच्या तासांतील उड्डाणे व अवतरणे यांची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर तासांतील ४४ वरून ४२ वर आणली गेली, हे लक्षात ठेवावे लागेल. त्या निर्णयाचा रडारशी काहीही संबंध नव्हता, पण विलंबावर त्याचा परिणाम रडारपेक्षा मोठा असण्याची शक्यता आहे. शिवाय कोणतेही दोन पावसाळे सारखे नसतात, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

म्हणून वाट अशी धरावी. माहितीमुळे कोणाचा तरी निर्णय बदलतो, निर्णयामुळे त्या तासाला धावपट्टीवरून जाऊ शकणाऱ्या विमानांची संख्या बदलते, त्या संख्येमुळे रांग बदलते आणि रांगेमुळे विलंब. यांतला शेवटचा दुवा निव्वळ गणिताचा आहे. त्यासाठी पुराव्याची गरज नाही. पुरावा लागतो तो पहिल्या दोन दुव्यांना, आणि बहुतेक अहवाल नेमके तेच दुवे गृहीत धरून पुढे जातात.

गणिताचा भाग आधी मांडतो. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. मुंबईच्या ०९/२७ आणि १४/३२ या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एरवी एका वेळी एकीवरूनच काम चालते. समजा, स्वच्छ हवेत क्षमता ताशी ४४ आहे आणि मागणी ताशी ४२. दोन तास वादळी पाऊस झाला आणि क्षमता २४ वर आली. दोन तासांअखेर ३६ विमाने तुंबतील. वादळ गेल्यावर क्षमता पुन्हा ४४ होईल, पण मागणी ४२ असल्याने रांग ताशी फक्त दोनने कमी होईल आणि ती संपायला अठरा तास लागतील. रांगेचा आलेख त्रिकोणी होतो आणि त्याचे क्षेत्रफळ हाच एकूण विलंब: ३६ च्या निम्मे गुणिले २०, म्हणजे ३६० विमान-तास. आता समजा, चांगल्या माहितीमुळे नियंत्रकांनी वादळातही ताशी २४ ऐवजी २८ विमाने हाताळली. तुंबलेली विमाने २८ होतील, रांग चौदा तासांत संपेल आणि विलंब २२४ विमान-तास होईल. वादळातली क्षमता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली आणि विलंब सुमारे ३८ टक्क्यांनी घटला.

हेच उदाहरण मागणी ताशी ३४ धरून करून पाहा. तेथे मूळ विलंब ४० विमान-तास येतो आणि ताशी चार विमानांच्या सुधारणेने तो १९ च्या आसपास उतरतो. टक्केवारी जास्त आकर्षक दिसते, परंतु वाचलेले तास १३६ ऐवजी जेमतेम २१ आहेत. रडार तेच, वादळ तेच, नियंत्रकही तेच, फक्त विमानतळ किती ठासून भरलेला आहे यावर लाभ सहापटींहून अधिक बदलला. एका विमानतळावरचा लाभाचा आकडा उचलून दुसऱ्याला चिकटवणाऱ्या सादरीकरणांवर माझा विश्वास नाही, तो यामुळेच.

क्षमता मोजताना एक काळजी घ्या. एखाद्या तासात २६ विमाने गेली म्हणून क्षमता २६ होती असे नव्हे. कदाचित येणारी विमानेच तेवढी असतील. ज्या तासांत विमाने घिरट्या घालत होती किंवा धावपट्टीच्या तोंडाशी खोळंबली होती, तेवढेच तास क्षमतेच्या अंदाजासाठी वापरा.

जुना वेधकरी

प्रतीक्षारांग यांचे गणित मला मान्य आहे. पहिल्या दोन दुव्यांविषयी चार शब्द सांगतो, कारण विमानतळावरच्या हवामान कार्यालयात पाळीवर काम करण्यात माझी नोकरी गेली.

प्रकल्पाच्या शीर्षकात 'रडार' असले तरी रडार कोणतेही विमान उतरवत नाही. रडारचे चित्र पाळीवरच्या अंदाजकापुढे येते, तो विमानतळासाठी इशारा देतो, मेटारला जोडून पुढच्या दोन तासांचा कल लिहितो, आणि मग टॉवरमधला व त्याहूनही अधिक अप्रोचमधला, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना वाट देणारा, नियंत्रक त्या आधारे विमानांची रांग लावतो. चित्र उत्तम असून फोन वीस मिनिटे उशिरा गेला, तर लाभ शून्य. त्यामुळे वेरावलीचे रडार सुरू झाल्याची तारीख ही आपल्या अभ्यासाची सीमारेषा मानू नये. ते चित्र नियंत्रकाच्या कामात कधीपासून आणि कोणत्या स्वरूपात आले, ती तारीख शोधावी. दोन्हींत बरेच अंतर असू शकते.

दुसरे असे की मेटार विमानतळाची स्थिती सांगतो, विमानाच्या वाटेची नव्हे. मुंबईत पश्चिमेचा वारा असताना २७ ही धावपट्टी वापरतात आणि विमाने पूर्वेकडून, ठाणे-घाटकोपरच्या बाजूने खाली येतात. मे महिन्यातल्या किंवा ऑक्टोबरमधल्या संध्याकाळी सह्याद्रीच्या बाजूला गडगडाटी ढग उभा राहिला की सांताक्रूझला ऊन पडलेले असते, मेटार निर्दोष असतो आणि अवतरणाचा मार्ग मात्र बंद असतो. आपण केवळ मेटारवरून 'वाईट हवामानाचे तास' निवडलेत, तर ज्या तासांत रडारचा सर्वांत जास्त उपयोग होतो नेमके तेच तास आपल्या यादीतून गळतील. उलट जुलैतल्या संततधार पावसाचे तास भरपूर येतील. त्या पावसात सहसा विजा नसतात. दृश्यमानता, ओली धावपट्टी आणि आडवा वारा यांचा त्रास असतो, आणि त्यातले बरेचसे धावपट्टीलगतची उपकरणेच सांगतात.

तिसरा मुद्दा वेळेचा. गडगडाटी ढगाचा एक कोष अर्ध्या ते एका तासात जन्मतो आणि विरतो. रडारवरच्या ढगांची चाल पुढे वाढवून केलेला तात्कालिक अंदाज साधारण तासाभरापुरता भरवशाचा असतो. दिल्लीहून मुंबईला येणारे विमान मात्र पावणेदोन-दोन तास हवेत असते. म्हणजे दिल्लीतल्या विमानाला जमिनीवर थांबवायचे की सोडायचे, हा निर्णय रडारच्या आवाक्याबाहेरचा आहे; तिथे संगणकावर चालणाऱ्या संख्यात्मक हवामान प्रतिरूपांचा अंदाज लागतो. अहमदाबाद किंवा गोव्याहून येणारे विमान तासाभराचे, तिथे रडार कामी येते. आपण विमानांची विभागणी उड्डाणकालानुसार केलीत, तर एक सुंदर पडताळा मिळेल. रडारचा परिणाम खरा असेल तर तो जवळच्या विमानांत जास्त आणि लांबच्यांत कमी दिसला पाहिजे. सगळ्यांत सारखाच दिसला, तर तो रडारचा नव्हे, दुसऱ्या कशाचा तरी आहे असे समजावे.

आणि क्षमता वाढवणे अशक्य असते अशा घटना वेगळ्या काढा. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात मुंबई विमानतळाचे काम सुमारे तासभर थांबले आणि १५ विमाने अन्यत्र वळवावी लागली. त्या तासात जगातले सर्वोत्तम रडार असते तरी धावपट्टी उघडली नसती. उपयोग झाला असता तो फक्त वादळ किती वाजता सरेल हे आधी कळण्यात.

आपण पुण्यातच आहात म्हणून सुचवतो: पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा दीर्घ प्रयोग चालवला आहे. धुक्याचे प्रकरण आपल्या कामाला वादळापेक्षा सोपे जाईल, कारण तिथे उंबरठे आकड्यांत लिहिलेले आहेत. दिल्लीत योग्य उपकरणांचे विमान आणि प्रशिक्षित वैमानिक असतील, तर धावपट्टीवरील दृश्यमानता ५० मीटरपर्यंत उतरली तरी अवतरण होऊ शकते, पण उड्डाणाला सर्वसाधारणपणे १२५ मीटर लागतात. या दोन आकड्यांच्या मधल्या धुक्यात विमाने उतरत राहतात, सुटत मात्र नाहीत, आणि बघता बघता उभी करायला जागा उरत नाही. तिथे विलंबाचे मूळ धावपट्टीत नसून विमाने उभी करण्याच्या जागेत असते. १२५ मीटरचा उंबरठा किती वाजता ओलांडला जाईल हे तासभर आधी कळले, तर येणाऱ्या विमानांचा ओघ आवरता येतो.

संख्यावेध (पुणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उड्डाणकालानुसार विभागणीची सूचना मला फार मोलाची वाटते. तूर्त मी मुंबईवरच थांबतो, परंतु एक शंका आहे. माहितीमुळे निर्णय बदलला, हे नंतर कोणत्या पुराव्याने सिद्ध करावे? नियंत्रकांना विचारले तर ते 'उपयोग होतो' असेच सांगतील.

उपसागरकाठचा

मी अमेरिकेत सॅन होजेला राहतो आणि विमान वाहतुकीच्या आकडेवारीचे काम करतो. आपली शंका रास्त आहे आणि तिचा अनुभव इकडे घेऊन झालेला आहे.

न्यूयॉर्कच्या विमानतळांवर १९९८ पासून एकात्मिक टर्मिनल हवामान यंत्रणेची, म्हणजे रडार व इतर उपकरणांची माहिती एकत्र करून नियंत्रकांपुढे ठेवणाऱ्या यंत्रणेची, प्राथमिक आवृत्ती चालू होती. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने ती अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनासाठी, म्हणजे एफएएसाठी, उभारली होती. तिच्या लाभाचा अंदाज करताना नियंत्रकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, यंत्रणेमुळे वादळात ताशी किती जास्त विमाने घेता आली हे विचारले गेले आणि ते उत्तर रांगेच्या प्रतिरूपात घातले गेले. पद्धत टाकाऊ नाही, पण प्रतीक्षारांग यांच्या उदाहरणात ताशी चारच्या जागी दोन घातले की आकडा किती हलतो ते पाहा: विलंब २२४ ऐवजी २८८ येतो, म्हणजे वाचलेले तास १३६ वरून ७२ वर येतात. एका माणसाच्या आठवणीतल्या दोन विमानांवर जवळपास निम्मा लाभ उभा असतो. म्हणून 'उपयोग होतो का' हा प्रश्न विचारूच नये. एखाद्या ठरावीक संध्याकाळची नोंद समोर ठेवून 'सहा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही काय केलेत, आणि हे चित्र नसते तर काय केले असते' असे विचारावे आणि उत्तर त्या दिवशीच्या विमानांच्या मार्गांशी ताडून पाहावे.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. तिथे २८ डावी आणि २८ उजवी या समांतर धावपट्ट्यांमध्ये अवघे ७५० फूट अंतर आहे. वैमानिकांना एकमेकांची विमाने दिसत असतील तर जोडीने अवतरण करता येते आणि ताशी सुमारे ६० विमाने उतरतात. उन्हाळ्यात पॅसिफिकवरून सखल ढगांची चादर आत आली की जोडी तुटते आणि संख्या ३० वर येते. ही चादर बहुधा सकाळी उशिरा विरते, नेमकी अवतरणांच्या गर्दीच्या वेळी. ती नऊला विरेल की अकराला, या एकाच प्रश्नावर देशभरातली विमाने आपापल्या विमानतळांवर जमिनीवर थांबवली जातात. वेळेचा अंदाज गरजेपेक्षा सावध धरला, तर आकाश मोकळे होते, धावपट्ट्या तयार असतात, आणि विमाने मात्र शिकागो-न्यूयॉर्कच्या जमिनीवर उभी असतात. तो वाया गेलेला काळ मिनिटांत मोजता येतो. लाभ मोजण्यासाठी याहून स्वच्छ प्रकरण मला माहीत नाही.

या ढगांच्या विरण्याचा अंदाज देणारी यंत्रणा २००४ मध्ये राष्ट्रीय हवामान सेवेच्या हाती गेली. ती 'सतरा वाजेपर्यंत विरण्याची शक्यता इतकी, अठरा वाजेपर्यंत इतकी' अशा जागतिक प्रमाणित वेळेतल्या (तिथे तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात) संभाव्यता देत असे. अंदाज चांगले होते, तरीही विलंबातली घट अपेक्षेइतकी दिसेना, कारण वाहतूक व्यवस्थापक पूर्वीसारखीच सावध वेळ धरून विमाने थांबवत राहिले. सत्तर टक्के संभाव्यता हातात असली, तरी त्यावरून किती विमाने सोडावीत हे कोणी सांगत नव्हते. आणि जास्त सोडली व ढग हलले नाहीत, तर डझनावारी विमाने आकाशात घिरट्या घालणार, त्याचा जाब व्यवस्थापकालाच द्यावा लागणार. पुढे संभाव्यतेवरून थांबवण्याची व्याप्ती आणि कालावधी सुचवणारे वेगळे निर्णय-साधन तयार करावे लागले. माझ्या मते आपल्या प्रकल्पाचा गाभा इथे आहे. अंदाजाची अचूकता आणि विलंबातली घट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढली, असे कोणी लिहिले असेल तर तिथे अधोरेखित करून प्रश्नचिन्ह टाका.

एक मुद्दा विरुद्ध दिशेचा. अमेरिकेतली विमानतळांवरची डॉप्लर रडारे मुळात विलंबासाठी बसवलीच नव्हती. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे वादळातून उतरणारे विमान ढगाखालच्या खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात सापडले आणि जमिनीवरच्या एका मोटारचालकासह १३७ माणसे गेली. त्या मालिकेतल्या अपघातांमुळे ही रडारे आली. त्यांचा इशारा वाजला की अवतरण थांबते आणि त्या तासाचा विलंब वाढतो. आपण फक्त विलंब मोजलात, तर यंत्रणेने तिचे सर्वांत महत्त्वाचे काम चोख बजावलेले तास तुमच्या तक्त्यात तोट्याचे दिसतील. त्या तासांवर वेगळी खूण करा.

उड्डाण नियोजक

विमान कंपनीच्या नियोजन कक्षात काम करतो, म्हणून विलंबाच्या आकड्यांविषयी लिहितो. हे आकडे दिसतात तेवढे निरागस नसतात.

सार्वजनिक वक्तशीरपणा वेळापत्रकाशी तुलना करून आणि पंधरा मिनिटांची सूट देऊन मोजला जातो. वेळापत्रक कंपनीच ठरवते. एखाद्या मार्गावर रोज उशीर होऊ लागला, तर पुढच्या हंगामात प्रवासाची छापील वेळ दहा मिनिटांनी वाढवली जाते आणि विलंब कागदावरून नाहीसा होतो. रडारने काही केलेले नसते. म्हणून वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्या मार्गावर निर्वेध दिवशी लागणाऱ्या उड्डाणकालाशी तुलना करा.

मागून येणाऱ्या विलंबाविषयी आपण विचारले होते. विमान कंपन्या कारणे अंकांत नोंदवतात. निघण्याच्या विमानतळावरचे हवामान ७१, पोहोचण्याच्या ठिकाणचे ७२, तिथल्या हवामानामुळे वाहतूक व्यवस्थापनाने थांबवले तर ८४, आणि आधीच्या फेरीतून विमानच उशिरा आले तर ९३. दुपारी मुंबईत वादळ झाले की पहिल्या फेरीवर ७२ किंवा ८४ पडतो, त्यानंतर त्याच विमानाच्या इंदूर, लखनौ, रात्रीची मुंबई अशा सगळ्या फेऱ्यांवर ९३. महासंचालनालयाच्या मासिक तक्त्यांत हा मागून आलेला विलंब सर्वांत मोठा हिस्सा व्यापतो, आणि हवामानाचा रकाना त्यामुळे फसवा लहान दिसतो. तिकडे उपसागरकाठच्या मित्रांकडेही तेच आहे. अमेरिकी तक्त्यातल्या 'अतितीव्र हवामान' या रकान्यात साधे वादळ येत नाही, ते राष्ट्रीय हवाई यंत्रणेच्या रकान्यात जाते.

माझा सल्ला असा की ९३ चा विलंब धरावा, पण विमानाच्या नोंदणी क्रमांकावरून त्याची साखळी मूळ फेरीपर्यंत मागे नेऊनच. सरसकट एखाद्या गुणकाने गुणू नये. सायंकाळी सातचे वादळ आणि सकाळी सातचे वादळ यांची शेपटी सारखी नसते. सायंकाळची रात्रीच्या थांब्यात संपते. म्हणूनच प्रतीक्षारांग यांचे अठरा तास प्रत्यक्षात दिसत नाहीत. मध्यरात्रीनंतर मागणी उतरते, काही फेऱ्या रद्द होतात, काही विमाने अहमदाबाद किंवा हैदराबादला वळवली जातात, आणि वैमानिकांची कामाची वेळ संपली की विमान सकाळपर्यंत तिथेच राहते. वळवलेले विमान मुंबईची रांग कमी करते आणि प्रवाशाची रात्र घालवते. ते तक्त्यात कुठे बसवणार, हे आधी ठरवा.

रुपयांबद्दल: जमिनीवर इंजिने बंद ठेवून घालवलेला तास आणि आकाशात घिरट्या घालत घालवलेला तास एका मोलाचे नाहीत. अरुंद बांध्याचे एअरबस ए३२० घिरट्यांत ताशी साधारण दोन ते अडीच टन इंधन खाते. चांगल्या माहितीचा लाभ पुष्कळदा असा असतो की एकूण विलंब तेवढाच राहतो, फक्त तो आकाशातून जमिनीवर येतो. तासांत तो शून्य दिसेल. म्हणून तास दोन रकान्यांत द्या. प्रवाशांच्या वेळेचे रुपये करायचेच असतील तर शेवटी, वेगळे, आणि गृहीतके उघडी ठेवून करा. एकूण आकड्यात ते मिसळले की उरलेल्या सगळ्यांवर मात करतात.

प्रतीक्षारांग

उड्डाण नियोजक यांची दुरुस्ती योग्य आहे. रांगेचे प्रतिरूप प्रत्यक्ष तासागणिक मागणीवर चालवावे आणि रद्द व वळवलेल्या फेऱ्या रांगेतून काढून वेगळ्या मोजाव्यात.

मार्गदर्शकांच्या शेऱ्याला उत्तर देताना दोन टोके आधी बांधून घ्या. प्रत्येक वादळी संध्याकाळसाठी असा हिशेब करा की हवामान कधी काय होणार हे सर्वांना आदल्या दिवशीच तंतोतंत ठाऊक होते आणि तरी क्षमता निसर्गाने ठरवली तेवढीच होती. तेवढ्यावर जो विलंब उरतो तो अटळ. प्रत्यक्ष विलंब त्याहून जितका जास्त, तितकाच टाळता येण्याजोगा, आणि कोणत्याही हवामान यंत्रणेचा दावा त्या मर्यादेतच बसला पाहिजे. ही पट्टी आखली की पुष्कळ फुगवलेले दावे जागच्या जागी निकाली निघतात. मग २०२२ पूर्वीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींच्या जोड्या लावा: ढगांची जागा, टिकण्याचा काळ, त्या तासांतली मागणी सारखी असलेल्या. टाळता येण्याजोग्या विलंबाचे प्रमाण जोडीजोडीने तपासा. वर्षांची सरासरी नको.

आणखी एक सापळा. रडार बंद असलेले दिवस हे नैसर्गिक प्रयोग म्हणून वापरण्याचा मोह होईल. ठरलेल्या देखभालीसाठी बंद असेल तर जरूर वापरा. अचानक बंद पडले असेल तर मात्र वीज जाणे, वारा, पाणी अशी कारणे असू शकतात, म्हणजे ज्या दिवशी हवामान सर्वांत वाईट, त्याच दिवशी रडार बंद. मग रडारच्या अनुपस्थितीला वादळाचा दोष लागेल.

संख्यावेध (पुणे)

मी आता केवळ मे-जूनच्या आरंभीच्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटी संध्याकाळी घेणार आहे. विमानांचे दोन गट करीन, तासाभराच्या आतले आणि त्याहून लांबचे. उड्डाण नियोजक यांना एक शेवटचा प्रश्न: आकाशातल्या घिरट्यांचा काळ आणि जमिनीवरची प्रतीक्षा हे सार्वजनिक मागोव्यातून वेगळे करता येतात का?

उड्डाण नियोजक

घिरट्या करता येतात. विमानाच्या मागोव्यात बंद लंबगोल स्पष्ट दिसतात, आणि लांबवलेली वळणे मुंबईपासून शंभरेक किलोमीटरच्या वर्तुळात शिरल्यापासून उतरेपर्यंतच्या वेळेची निर्वेध दिवसाशी तुलना करून काढता येतील. दिल्लीकडून येणाऱ्या विमानाचा वेग वाटेतच कमी केलेला असेल तर ते वर्तुळात दिसणार नाही, म्हणून लांबच्या गटासाठी पूर्ण उड्डाणकाल घ्या. जमिनीवरची प्रतीक्षा अवघड आहे. विमान फाटकावरून मागे ढकलले गेले की मागोवा सुरू होतो. त्याआधी फाटकावर प्रवासी भरून उभे असलेला काळ तिथे दिसत नाही. तो कंपन्यांच्या अंतर्गत नोंदींत असतो. निदान एका कंपनीकडून काही निवडक दिवसांचा तरी तो मागून पाहा, आणि विनंतीपत्रात ८४ आणि ९३ हे दोन्ही अंक स्वतंत्रपणे लिहा, नाहीतर सगळे मिळून एकच 'हवामान' असे उत्तर येईल.